माफी कोणाच्या वतीने?

एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आहे. गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. ओळख पटेल असे तपशील काढून पत्राचा गाभा तेवढा इथे देते आहे.

गुरुजी वीस वर्षं गावचं भजनी मंडळ चालवतात. रोज संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठ, चैत्रात सप्ताह, आषाढीला दिंडी. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी बांधाच्या भांडणात चुलतभावाचा खून करून जन्मठेपेवर गेला होता. सोळा वर्षांनी तो सुटून आला आहे. आत असताना त्याने माळ घातली, मृदंग शिकला, सुतारकाम शिकला. आता त्याला हरिपाठाला यायचं आहे. गुरुजींना तो 'पुरता बदललेला' वाटतो, कारण भजनात त्याच्या डोळ्यांना धार लागते. पण मारल्या गेलेल्या चुलतभावाची बायको त्याच हरिपाठाला गेली दहा वर्षं येते. तिने शेजारच्या म्हाताऱ्या काकूंकडून निरोप पाठवला: "तो येणार असेल तर मी येत नाही. मंडळानं काय ते ठरवावं." मंडळातली तरुण पोरं म्हणतात, खुन्याच्या हाती मृदंग नको. जुनी माणसं म्हणतात, देवाच्या दारात कोणाला अडवू नये. गुरुजींच्या मनात असं आहे, की सप्ताहात काल्याच्या दिवशी, कीर्तनकार महाराजांच्या समोर त्याने वहिनींच्या पायावर डोकं ठेवावं आणि गावाच्या साक्षीने हे एकदाचं मिटावं. ते विचारतात: "विठ्ठलाने ज्याला जवळ केलं त्याला आम्ही लांब ठेवायचं का? वहिनींची समजूत कशी घालू?"

नमस्कार गुरुजी,

तो आला त्या दिवशी गल्लीतली दारं लागली आणि तुम्ही त्याच्या ओट्यावर जाऊन चहा प्यायलात, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे. माझ्या लेखी सगळ्या पत्रातलं मोठं काम ते. त्या चहावर नंतर येते. आधी काल्याच्या दिवसाबद्दल, कारण चैत्र फार लांब नाही.

तो बेत सोडून द्या. पुढच्या वर्षावर ढकलू नका, सोडूनच द्या.

तो प्रसंग जरा डोळ्यांपुढे आणा. मांडवात पाचशे माणसं, महाराजांचं कीर्तन रंगात आलेलं, हंडी फुटायची आहे, प्रसादासाठी पोरं खोळंबलेली. अशा वेळी एक माणूस वाकून वहिनींच्या पायावर डोकं ठेवतो आणि सगळ्यांचे डोळे त्या बाईकडे लागतात. तिला 'नाही' म्हणायची जागा तुम्ही कुठे ठेवली आहे? तिने पाय मागे घेतले, तर संध्याकाळपर्यंत गावात काय बोललं जाईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "एवढा देवाचा दिवस, महाराज समोर, आणि हिचं मन काही द्रवलं नाही." सोळा वर्षं जिने नवऱ्यावाचून काढली, त्या दिवशी दोष तिच्याच पदरात पडेल. आणि तिने पाय मागे घेतले नाहीत, तरी ते तिने केलं की मांडवाने करून घेतलं, हे तिलाही कळणार नाही, त्यालाही नाही.

तुमच्या प्रश्नात 'वहिनींची समजूत कशी घालू' असे शब्द आहेत. म्हणजे वहिनींना काहीतरी समजलेलं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तर त्यांचा निरोप फार समजूतदार वाटला. पुन्हा एकदा वाचा. त्याला गावातून हाकला, असं त्या म्हणत नाहीत. भजन करू देऊ नका, असंही नाही. मी त्याच्याबरोबर एका फडात उभी राहणार नाही, एवढंच त्या म्हणतात. हरिपाठ संपला की तुमच्याकडे रीत काय? सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वय बघायचं नाही, जात बघायची नाही, समोर जो येईल त्याच्यासमोर वाकायचं. वारकऱ्यांची ही रीत मला फार आवडते. पण त्या रिंगणात फिरता फिरता वहिनींच्या पुढ्यात तो येणार. रोज. नवऱ्याला मारणाऱ्याच्या पायाला त्यांनी रोज संध्याकाळी हात लावायचा, नाहीतर सगळ्यांदेखत त्याला टाळून पुढे जायचं. तुमच्या चार पानांत ही गोष्ट कुठेच आलेली नाही. निरोप पाठवताना वहिनींच्या डोळ्यांपुढे मात्र तीच असेल, अशी माझी खात्री आहे.

आता 'विठ्ठलाने जवळ केलं' याबद्दल. गावात म्हणतात ना, चौदा वर्षं भरली, हिशेब मिटला? कायद्यात असा हिशेब नाही. जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. खुनासारख्या गुन्ह्यात निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावर शासन उरलेल्या शिक्षेची माफी देऊ शकतं, तेही विचार करून, बहुतेकदा अटी घालून. म्हणजे तुमचा विद्यार्थी शिक्षा संपली म्हणून बाहेर आलेला नाही. शासनाने आपल्या वाट्याची माफी दिली म्हणून आला आहे. शासनाला तेवढाच अधिकार होता. विठ्ठलाच्या वाट्याची माफी विठ्ठल आणि तो बघून घेतील. वहिनींच्या वाट्याची उरते. ती ना शासनाच्या हातात, ना महाराजांच्या, ना मंडळाच्या. ती द्यायची की नाही, कधी द्यायची, हे त्याच ठरवतील. कधीच दिली नाही, तरी त्यांच्या भक्तीत काही कमी पडलं असं समजायचं कारण नाही.

वाल्या कोळ्याची गोष्ट तुम्ही पत्रात घातली आहे. अशा वेळी ती सगळेच घालतात. मारलेल्या प्रत्येक वाटसरूमागे वाल्या रांजणात एक खडा टाकायचा, असे सात रांजण भरले, मग नारद भेटले आणि पुढचं सगळं. लहानपणी ऐकताना मला रांजणांची संख्या ऐकूनच भीती वाटायची. पण एकेका खड्याच्या घरी मागे कोण होतं, त्या बाईने पुढे काय केलं, पोरं कोणी वाढवली, हे कुठल्याच कीर्तनकाराने मला सांगितलेलं नाही. तुमच्या गावात गोष्टीतला तो राहिलेला भाग रोज सहा वाजता टाळ घेऊन उभा असतो. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली, पण तेव्हाही त्यांच्यावरचे खटले सुटले नाहीत, ते चालले. मन पालटलं म्हणून मागचं पुसलं जावं, असं विनोबांनीही मागितलं नव्हतं.

तेव्हा हरिपाठ वहिनींचा. त्यात मला दुसरा पर्याय दिसत नाही. दोघांपैकी एकालाच ती जागा मिळणार असेल तर ती त्यांची, आणि मंडळाने ते मोघम न ठेवता ठरवून सांगावं. त्यालाही तुम्ही स्वतः जाऊन सांगा, पोरांकरवी नको. "तू नको आहेस" असं नाही. "संध्याकाळचं मंदिर त्यांचं आहे, तुझ्यासाठी आपण दुसरी वेळ, दुसरी जागा बघू," असं. तुमच्या ओसरीवर आठवड्यातून एकदा दोघातिघांनी बसून पखवाजाचा रियाज करता येईल. शेजारच्या गावचं मंडळ असेलच, तिथल्या लोकांना सगळं खरं सांगून विचारा. दिंडीचंही तसंच. वहिनी तुमच्या दिंडीत सहा वर्षं चालतात असं तुम्ही लिहिलं आहे, तर यंदा तो दुसऱ्या दिंडीत चालेल. माउलींच्या पालखीबरोबर दिंड्या काय थोड्या आहेत? लोणंदला जा नाहीतर फलटणला, तंबू ठोकायला, पाण्याच्या टँकरवर, आचाऱ्याच्या हाताखाली माणूस हवाच असतो. फक्त निघण्याआधी त्याच्या सुटकेचा आदेश तुम्ही दोघांनी मिळून नीट वाचा. जिल्ह्याबाहेर जाण्याबद्दल, पोलीस ठाण्यात हजेरीबद्दल काही अट आहे का, ते बघा. अट मोडली तर दिलेली माफी रद्द होऊ शकते. हा कागद घरच्या ट्रंकेत पडून राहतो आणि कोणी वाचत नाही.

वहिनींना एकदा विचारायला हरकत नाही, पण त्याच काकूंमार्फत आणि फक्त एकदाच. क्षमा करता का, असं विचारू नका. "मंडळानं असं असं ठरवलंय, तुम्हाला यात काही खुपतंय का," एवढंच विचारा. उत्तर आलं की विषय बंद. पुढे त्यांनाच वेगळं वाटलं तर काकूंचं घर त्यांना माहीत आहे.

आता तो. आणि तुमचा चहा.

'पुरता बदललेला' हे तुम्ही कशावरून म्हणता? भजनातल्या अश्रूंवरून. ते खोटे आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण काही वर्षं मी एका कारागृहात महिला विभागात वाचनाच्या तासाला जात असे. तिथे एक गोष्ट कळली. आत भजनाला बसणं, ध्यानाला बसणं, प्रार्थनेला जाणं म्हणजे बरॅकीतून दोन तासांची सुटका. बाहेरची माणसं येतात, नावाने हाक मारतात. आपल्याबद्दल चार बरे शब्द लिहिले जातील अशी आशा असते. यात ढोंग नाही, पण आत जे घडतं त्याला चारी बाजूंनी भिंतीचा आधार असतो. दारू नाही, उधारी नाही, बांध नाही, भाऊबंद नाहीत. बाहेर तो आधार पहिल्या दिवशीच जातो. आपल्याकडच्या कारागृहांत अलीकडे भजन-अभंगाच्या स्पर्धा होतात, १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारावर बंदी एकाच वेळी विपश्यनेला बसले होते, ख्रिस्ती मंडळी कित्येक वर्षं तुरुंगांत जात आली आहेत. आत जाणारे पुष्कळ. सुटल्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तीन वाजता घरी येणारे किती?

तुम्ही तो मंगळवार व्हा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, तासभर जा, आणि निदान सहा महिने चुकवू नका. एकटे जाऊ नका. मंडळातला आणखी एक माणूस यात घ्या, शक्यतो मृदंगाला विरोध करणाऱ्या पोरांपैकीच एखादा. तुम्ही आजारी पडलात तर त्याचं दार बंद पडू नये, हे एक कारण. दुसरं असं, की तुमचा त्याच्यावर जीव आहे, आणि जीव असलेल्या माणसाला काही गोष्टी दिसत नाहीत.

आणि स्वतःला एक विचारून ठेवा. उद्या त्याने माळ उतरवली, तर तुम्ही तरीही मंगळवारी जाल का? जाणार असाल तर हे त्याला आत्ताच, सांगण्यासारखं काही घडायच्या आधी, सांगून टाका. नाहीतर तुमचा चहा मिळत राहावा म्हणून तो तुमच्यासमोर रडत राहील, आणि खरोखर काही बिघडलं की तुमच्यापासूनच लपवेल. चर्चमधून, मशिदीतून, बुद्धविहारातून हे काम करणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. सप्ताहात त्याला उभं करून 'मी कसा होतो आणि कसा झालो' हे सांगायला लावू नका. लोकांना आवडेल, टाळ्याही पडतील, पण दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज तेच व्हावं लागेल.

मंगळवारी करायचं काय? अध्यात्म थोडं, कागद जास्त. तो आत गेला तेव्हा आधार कार्ड नावाची वस्तूच नव्हती. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० साली दिलं गेलं. आत असताना त्याचं आधार काढलं असेल तरी त्याला जोडलेला मोबाइल कोणाचा, हे बघा. रजेवर आला की तो बहिणीकडे राहायचा असं तुम्ही लिहिता, मग कदाचित तिच्याच नवऱ्याचा असेल. ओटीपी तिकडे जाईल आणि हा बँकेच्या दारात उभा राहील. आतल्या मजुरीचे पैसे कुठल्या खात्यात आहेत, रेशन कार्डावरचं नाव आहे की कमी झालं, मतदार यादीत आहे का, हे सगळं बघावं लागेल. तुरुंगात असताना मत देता येत नाही, सुटल्यावर येतं, हे कित्येकांना माहीत नसतं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात. सुटून आलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी सध्या काय मदत मिळते ते तिथे विचारा, तुम्ही बरोबर जा. सुतारकाम येतं म्हणता, तर काम देणाऱ्याला आधीच खरं सांगा. चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं की काम तर जातंच, तुमचाही शब्द जातो. उसने पैसे देऊ नका, जामीन राहू नका. द्यायचेच असतील तर परत येणार नाहीत असं धरून द्या, आणि घरी सांगून द्या.

एक बारीक गोष्ट. तुरुंगात संध्याकाळचं जेवण उजेडातच होतं आणि दिवस मावळायच्या सुमारास बंदी होते, म्हणजे मोजणी होऊन बरॅकीला कुलूप लागतं. एक बाई सुटल्यावर मला म्हणाली होती, संध्याकाळ झाली की अजून पायांना आत जावंसं वाटतं. सोळा वर्षं ज्याच्या संध्याकाळीला कुलूप लागलं, त्याला हरिपाठाच्या वेळीच सगळ्यात अवघड जात असेल, आणि नेमका हरिपाठ आपण त्याला नाकारतो आहोत. म्हणून त्या तासाला त्याच्या हाताला काहीतरी काम असू द्या. पहाटे तर तो आपणहून उठत असेल, त्याची काळजी नको. झोप नसेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा संतापाने हात थरथरतो असं घरचे म्हणत असतील, तर त्यावर भजन हा इलाज नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्याच्या घरी भिंतीवर लिहून ठेवा, त्यावर मराठीत बोलता येतं.

बांधाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, याचं मला नवल वाटलं. ज्या बांधावरून हे झालं तो आज कुठे आहे? मिटला का? की सोळा वर्षं दोन्ही घरं ती चार फुटांची पट्टी सोडून पेरतात? पहिल्या पावसात नांगर त्या बाजूला गेला, तर तुमचा सगळा सप्ताह वाहून जाईल. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, फी भरा, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा करून देईल. मात्र मोजणीची नोटीस लगतच्या खातेदाराला, म्हणजे वहिनींना जाणार. तो सरकारी कागद अचानक त्यांच्या हाती पडू नये, आधी काकूंकडून कळवा. मोजणीच्या दिवशी त्याने शेतात जाऊ नये, त्याच्या वतीने भाऊ उभा राहील. वहिनींना या बाबतीत सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील विनामूल्य मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मिळतो. हे त्यांना सांगणारं गावात कोणी आहे का, तेही बघा. मंडळाची सगळी माणसं त्याच्याच कागदांमागे धावताना त्यांना दिसली, तर ते बरं नाही.

तुमच्यापासून आटपाडी लांब नाही. तिथली स्वतंत्रपूरची वसाहत तुम्ही पाहिली असेल. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने ती उभी राहिली. कैद्यांना कुलपाआड ठेवण्याऐवजी जमीन कसायला दिली आणि बायकापोरांसह राहू दिलं. एखाद्या मंगळवारी त्याला घेऊन जाऊन या. मला त्यातलं 'बायकापोरांसह' महत्त्वाचं वाटतं.

कारण तुमच्या चार पानांत त्याच्या बायकोला एकच ओळ आहे: "पत्नी मजुरी करते, मुलगी एकोणीस वर्षांची." तो गेला तेव्हा ती मुलगी तीन वर्षांची असणार. घरात शिरलेल्या या माणसाला ती काय म्हणून हाक मारते, की मारतच नाही? सोळा वर्षं घर एकटीने ओढणाऱ्या बाईला आता घरात नवरा आहे, पहाटे चारला उठणारा, संध्याकाळी गप्प होणारा, माळकरी झाल्यामुळे ताटात काय चालतं काय नाही हे सांगणारा. कोणी तिच्या ओट्यावर चहा प्यायलं का? मंडळातल्या बायकांपैकी एखादीला पुढच्या मंगळवारी बरोबर न्या. तुम्ही त्याच्याशी ओट्यावर बोला, त्यांना आत चुलीपाशी बसू द्या. आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा मृदंगाचं काय झालं ते दोन ओळींत चालेल, तिच्याबद्दल मात्र एक पान लिहा.